घरच्या व्हिडिओत फोटो धूसर का दिसतात आणि ते नेमके कुठे बिघडतात

संगणकावर उघडला की पापणीचा केसही दिसावा इतका स्वच्छ असलेला फोटो व्हिडिओत घातला की टीव्हीवर मात्र ओल्या काचेआडून पाहिल्यासारखा दिसतो, ही तक्रार घरी लग्नाची, साठीशांतीची किंवा सहलीची चित्रफीत तयार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि एकदा सोडवली तरी पुढच्या प्रकल्पात पुन्हा उभी राहते. अशा वेळी बहुतेकांचा हात सर्वप्रथम ‘शार्पन’ या फिल्टरकडे जातो. माझाही गेला होता. मावशींच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी जुने फोटो, डिजिटल करून घेतलेली व्हीएचएस कॅसेट आणि नातेवाइकांनी मोबाइलवर पाठवलेली चित्रे एकत्र करून मी सुमारे ४० मिनिटांची फीत केली, तेव्हा धूसर वाटणाऱ्या प्रत्येक फोटोवर शार्पन चढवले. परिणाम असा झाला की धूसरपणा होता तसाच राहिला आणि चेहऱ्यांच्या कडेने पांढऱ्या रेघा उमटल्या. जो तपशील आधीच्या एखाद्या टप्प्यावर गळून गेला आहे, तो फिल्टर परत आणू शकत नाही. तो फक्त उरलेल्या कडा अधिक गडद करतो. म्हणून उपाय करण्याआधी गळती नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे हे शोधणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी एक सोपी कसोटी आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरचे एक पान घ्यावे. तिथी, नक्षत्र आणि सणवारांची बारीक अक्षरे असलेले पान या कामासाठी उत्तम असते. दिवसाच्या उजेडात मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने त्याचा आडवा फोटो काढावा आणि तो केबलने थेट संगणकात घ्यावा. मग त्या फोटोच्या दोन प्रती कराव्यात. पहिली प्रत जशीच्या तशी आपल्या व्हिडिओ प्रकल्पात पाच सेकंदांसाठी ठेवावी, झूम किंवा इतर कोणताही परिणाम देऊ नये, आणि नेहमीच्याच सेटिंगने व्हिडिओ फाइल तयार करावी. दुसरी प्रत जिम्पसारख्या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून तिची उंची १०८० पिक्सेल करावी, म्हणजे प्रकल्पाच्या फ्रेमइतकी. आता तयार व्हिडिओ व्हीएलसीमध्ये चालवून त्याचा स्नॅपशॉट घ्यावा आणि तो या दुसऱ्या प्रतीशेजारी ठेवून दोन्ही १०० टक्के आकारात पाहावेत.

या कसोटीतली खरी उपयोगाची वस्तू ही दुसरी प्रत आहे. फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम पावणेएकवीस लाख पिक्सेल असतात, तर मोबाइलच्या साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख. सहा पिक्सेलांपैकी जवळपास पाच येथेच गाळले जातात. तेव्हा फोनवर बोटांनी मोठा करून वाचता येणारे ‘संकष्ट चतुर्थी’ हे शब्द फुल एचडी व्हिडिओत वाचता आले नाहीत, तर तो बिघाड नव्हे, ती त्या फ्रेमची मर्यादा आहे. आणि १०८० पिक्सेल उंचीची प्रत जितकी स्पष्ट दिसते, त्याहून अधिक स्पष्ट त्या व्हिडिओत काही दिसूच शकत नाही. स्नॅपशॉट आणि ही प्रत सारखी दिसत असतील तर प्रकल्पाची मांडणी आणि एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फाइल बाहेर काढणे, ठीक आहे आणि दोष मूळ फोटोत, झूममध्ये किंवा टीव्हीत शोधावा. स्नॅपशॉट प्रतीपेक्षा उघडपणे धूसर असेल तर दोष सॉफ्टवेअरच्या आत आहे.

येथे एक गोष्ट लगेच बाजूला काढून टाकता येते. संपादन करताना पडद्यावर जी खिडकी दिसते ती पुष्कळदा मुद्दाम कमी दर्जाने दाखवली जाते, जेणेकरून संगणक अडखळू नये. प्रीमियरमध्ये प्लेबॅक रिझोल्यूशन अर्धे किंवा पाव असते, केडेनलाइव्हमध्ये प्रिव्ह्यू ५४० किंवा ३६० ओळींवर ठेवलेला असतो, आणि दाविंची रिझॉल्व्हमध्येही टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने मांडायची पट्टी, कमी रिझोल्यूशनमध्ये चालवण्याची सोय आहे. केवळ ही खिडकी पाहून कोणताही निष्कर्ष काढू नये. तयार झालेली फाइल पाहूनच काय ते ठरवावे.

फोटो आपल्यापर्यंत कसा आला

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक धूसर फोटो टाइमलाइनवर येण्याआधीच बिघडलेले असतात. कुटुंबाच्या ग्रुपवर ‘मावशींचे जुने फोटो असतील तर पाठवा’ असे लिहिले की दोन दिवसांत शंभर फोटो जमतात आणि त्यांपैकी बहुतेक आकसलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत कमी होते आणि त्यावर जेपेगचा दाबही वाढतो. २०२३ मध्ये आलेला ‘एचडी’ हा पर्याय त्याहून बरा आहे, परंतु मूळ फाइल हवी असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्यास सांगावे. फेसबुकवरून उतरवलेला फोटो जास्तीत जास्त २०४८ पिक्सेल लांबीचा मिळतो. गूगल फोटोजमधील ‘स्टोरेज सेव्हर’ या पर्यायाला पुष्कळ लोक दोष देतात, पण तो १६ मेगापिक्सेलच्या वरचेच फोटो लहान करतो, त्यामुळे आपल्या कामात तो क्वचितच आड येतो. त्यापेक्षा फोटो उघडून त्याचा स्क्रीनशॉट पाठवणारे काका अधिक नुकसान करतात.

फोटोचा खरा आकार तपासण्यासाठी विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ हा भाग पाहावा, आणि मॅकवर ‘गेट इन्फो’ पाहावे. तेथे दिसणाऱ्या दोन आकड्यांपैकी, म्हणजे पिक्सेलमधील रुंदी आणि उंची यांपैकी, कोणताही आकडा फ्रेमच्या त्या बाजूपेक्षा लहान असेल तर पूर्ण फ्रेम भरताना तो फोटो ताणला जाणार, हे नक्की समजावे. तेथेच डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, नावाचाही एक आकडा दिसतो, आणि त्याने फार गोंधळ होतो. ‘फोटो ७२ डीपीआयचा आहे, म्हणून धूसर दिसतो’ हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकले आहे. डीपीआय हा आकडा कागदावर छापताना आणि कागदावरून स्कॅन करताना कामाचा असतो. व्हिडिओला त्याचा काहीही अर्थ लागत नाही. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो ७२ डीपीआयचा असो वा ३०० चा, टाइमलाइनवर तो एकसारखाच दिसतो.

उभ्या फोटोंचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ग्रुपवरून आलेला १२०० गुणिले १६०० पिक्सेलचा उभा फोटो पूर्ण उंचीत बसवला तर तो १६०० वरून १०८० वर येतो, म्हणजे लहान होतो आणि व्यवस्थित स्पष्ट दिसतो. पण बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून तोच फोटो रुंदी भरेपर्यंत वाढवला, की १२०० चे १९२० करावे लागतात आणि प्रत्येक पिक्सेल १.६ पट ताणला जातो. त्याच फोटोची अस्पष्ट केलेली मोठी प्रत मागे ठेवून मूळ फोटो मध्यभागी पूर्ण उंचीत दाखवणे ही आता सगळीकडे दिसणारी पद्धत काहींना स्वस्त वाटते, मलाही ती फारशी आवडत नाही, परंतु स्पष्टतेच्या दृष्टीने ती योग्य आहे. साधी गडद तपकिरी किंवा राखाडी पार्श्वभूमी त्याहून शोभते.

अल्बममधले फोटो

जुन्या छापील फोटोंच्या बाबतीत स्कॅन करतानाच पुढचा हिशेब करावा लागतो. चार बाय सहा इंचांचा फोटो ३०० डीपीआयने स्कॅन केला तर १८०० गुणिले १२०० पिक्सेल मिळतात. नुसता स्थिर दाखवायचा असेल तर एवढे पुरते, कारण उंचीत बसवताना तो थोडा लहानच होतो. मात्र त्यात झूम करायचा असेल तर ६०० डीपीआय घ्यावेत, म्हणजे ३६०० गुणिले २४०० पिक्सेल हाती येतात. लॅबमधून धुऊन आलेल्या साध्या रंगीत फोटोत याहून जास्त तपशील सहसा नसतो. १२०० डीपीआयने फाइल चौपट मोठी होते आणि कागदाचा पोत तेवढा अधिक दिसतो. याला दोन अपवाद आहेत. जुन्या स्टुडिओतील काळेपांढरे समूहफोटो मोठ्या निगेटिव्हवरून थेट त्याच आकारात छापलेले असतील, तर त्यांत आश्चर्यकारक तपशील असतो, म्हणून एका कोपऱ्याचा छोटा तुकडा दोन्ही दर्जांनी स्कॅन करून पाहावा आणि खरोखर काही नवे दिसत असेल तरच मोठा स्कॅन घ्यावा. दुसरा अपवाद ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हचा. निगेटिव्हसाठी योग्य असलेल्या स्कॅनरवर २४०० डीपीआयला सुमारे ३४०० गुणिले २२७० पिक्सेल मिळतात आणि ते छापील प्रतीच्या स्कॅनपेक्षा बहुधा सरस ठरतात. कपाटात निगेटिव्हची पाकिटे असतील तर आधी ती शोधावीत.

स्कॅनर नसल्यास मोबाइलने फोटो काढता येतो, पण अल्बमच्या प्लॅस्टिकखालून काढू नये, कारण चकाकी आणि धूसरपणा दोन्ही त्या प्लॅस्टिकमुळेच येतात. खिडकीजवळ, थेट ऊन पडत नसेल अशा ठिकाणी फोटो टेबलावर सपाट ठेवावा, फोन त्याला समांतर धरावा, आणि फार जवळ जाऊ नये. पुष्कळ फोनना वीतभरापेक्षा जवळच्या वस्तूवर नीट फोकस करता येत नाही किंवा ते जवळ जाताच आपोआप कमी दर्जाच्या रुंद भिंगावर जातात. शटर दाबताना हात हलू नये म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावावा. लग्नपत्रिका, वर्तमानपत्रातले कात्रण किंवा स्मरणिकेचे पान असेल तर छपाईच्या ठिपक्यांमुळे व्हिडिओत लाटांसारखी नक्षी उमटते. त्यासाठी स्कॅनरच्या प्रोग्रॅममधील ‘डिस्क्रीन’ हा पर्याय वापरावा.

पहिल्या क्लिपने केलेला घात

मावशींच्या फितीत मी पहिली क्लिप टाकली ती जुन्या कॅसेटची, कारण सुरुवात तिच्या लग्नाने करायची होती. सॉफ्टवेअरने विचारले की या क्लिपप्रमाणे प्रकल्पाची सेटिंग बदलायची का, आणि मी काही न वाचता होकार दिला. कॅसेटवरून केलेली फाइल ७२० गुणिले ५७६ पिक्सेलची होती. म्हणजे त्यानंतर टाकलेला प्रत्येक फोटो, मग तो कितीही उत्तम स्कॅन केलेला असो, सुमारे ४ लाख १५ हजार पिक्सेलांच्या चौकटीत कोंबला गेला, आणि शेवटी मी ‘फुल एचडी’ म्हणून एक्स्पोर्ट केल्यावर ती लहान चौकटच ताणून मोठी करण्यात आली. फाइलचे नाव आणि आकडे सगळे बरोबर होते, त्यामुळे चूक सापडायला दोन संध्याकाळी गेल्या.

आयमूव्हीमध्ये पहिल्या क्लिपवरूनच प्रकल्पाचे रिझोल्यूशन ठरते. प्रीमियर आणि केडेनलाइव्ह तसे विचारतात. म्हणून जुने चित्रण आणि फोटो एकत्र करायचे असतील तर आधी रिकामा प्रकल्प १९२० गुणिले १०८० चा, किंवा टीव्ही फोर-के असेल तर ३८४० गुणिले २१६० चा, हाताने तयार करावा, आणि प्रश्न आल्यास सध्याची सेटिंग कायम ठेवावी. कॅसेटचे चित्रण त्यात ताणले जाईल, पण त्याचा जो दर्जा होता त्यापेक्षा ते फारसे वाईट दिसणार नाही. फोटो मात्र वाचतील. फोर-के फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असल्यामुळे चांगले फोटो खरोखरच वेगळे दिसतात. मात्र १२ मेगापिक्सेलच्या ४००० पिक्सेल रुंद फोटोला त्या फ्रेममध्ये झूमसाठी जवळपास काहीच शिल्लक राहत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

झूम

छायाचित्रावर कॅमेरा हळूहळू सरकतो आहे असा भास निर्माण करण्याच्या तंत्राला अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांचे नाव मिळाले आहे, आणि आयमूव्हीमध्ये तर त्या नावाचा पर्यायच आहे, जो फोटो टाकताच बहुधा आपोआप लागू होतो. चांगला फोटो टाइमलाइनवर आल्यानंतर धूसर होण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण हेच तंत्र आहे. याचा अर्थ ते वापरू नये असा नाही, तर त्याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

फुल एचडी प्रकल्पात फोटो पूर्ण फ्रेमपासून सुरू होऊन दीडपट मोठा होणार असेल, तर मूळ फोटो किमान २८८० गुणिले १६२० पिक्सेलचा हवा. दुप्पट होणार असेल तर ३८४० गुणिले २१६० हवा. मावशींच्या माहेरचा एक समूहफोटो होता, साडेपाच बाय साडेतीन इंचांचा, तीसेक माणसांचा. मला पूर्ण फोटोपासून थेट तिच्या चेहऱ्यापर्यंत जायचे होते, म्हणजे शेवटी फोटोच्या रुंदीचा पाचवा हिस्सा पडदाभर दिसणार होता. ६०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये त्या फोटोची रुंदी ३३०० पिक्सेल होती. तिचा पाचवा हिस्सा ६६० पिक्सेल. ते १९२० पर्यंत ताणायचे म्हणजे जवळपास तिप्पट, आणि तिप्पट ताणलेला चेहरा कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मऊच दिसणार. शेवटी मी अर्ध्या रुंदीपाशी थांबलो. तेथे १६५० पिक्सेल १९२० होतात, म्हणजे सव्वापटीहूनही कमी ताण, आणि तो डोळ्यांना खुपत नाही. मावशीचा चेहरा दाखवण्यासाठी तिच्याभोवतीचा भाग किंचित उजळ ठेवून बाकीचा फोटो थोडा गडद केला. पाहणाऱ्याची नजर त्यामुळेही योग्य जागी जाते.

मूळ फोटोत पुरेसे पिक्सेल असूनही झूम केल्यावर धूसरपणा येत असेल, तर कारण सॉफ्टवेअर फोटोला केव्हा लहान करते यात दडलेले असते. प्रीमियरमध्ये मोठा फोटो फ्रेममध्ये बसवण्याचे दोन पर्याय अनेक वर्षे शेजारी शेजारी राहिले आहेत: ‘स्केल टु फ्रेम साइज’ आणि ‘सेट टु फ्रेम साइज’. दिसायला दोन्हींचा परिणाम एकच. पण पहिल्यात फोटो आधी फ्रेमच्या आकाराएवढा लहान केला जातो आणि नंतरचा झूम त्या लहान केलेल्या प्रतीवर होतो. दुसऱ्यात मूळ पिक्सेल तसेच राहतात आणि फक्त स्केलचा आकडा, उदाहरणार्थ ४८ टक्के, बदलतो. ओळखण्याची खूण अशी की फोटो फ्रेमपेक्षा खूप मोठा असूनही स्केल १०० टक्के दिसत असेल आणि फोटो अचूक बसलेला असेल, तर तो पहिल्या पद्धतीने बसवला आहे. नव्या आवृत्त्यांत या पर्यायांची नावे बदललेली आढळू शकतात, पण खूण तीच लागू पडते.

हाच प्रकार अनेक क्लिप एकत्र गुंडाळल्यावर होतो. सहा फोटोंची एक छोटी मालिका करून ती नेस्टेड सीक्वेन्स किंवा कंपाउंड क्लिप म्हणून मुख्य टाइमलाइनवर आणली आणि मग तिच्यावर झूम दिला, तर झूम होतो तो १९२० गुणिले १०८० च्या तयार चित्रावर. आतल्या फोटोंचे जास्तीचे पिक्सेल त्याला दिसतच नाहीत. झूम नेहमी आतल्या मूळ फोटोवर द्यावा. झूमसोबत दिलेले इतर परिणाम एकेक करून बंद करूनही पाहावे, कारण काही प्रोग्रॅममध्ये एखादा परिणाम फोटोला आधी फ्रेमच्या आकारात आणतो आणि मग पुढे पाठवतो.

फार संथ झूममध्ये फोटो थरथरतो अशीही तक्रार असते आणि ती थरथर पुष्कळांना धूसरपणासारखीच वाटते. तिचे कारण असे की प्रोग्रॅम फोटोची जागा पूर्ण पिक्सेलमध्येच मोजतो आणि फोटो अर्ध्या पिक्सेलऐवजी एकदम एका पिक्सेलने उडी मारतो. लिखित आज्ञांनी चालणाऱ्या एफएफएमपेग या प्रोग्रॅममधील ‘झूमपॅन’ या फिल्टरमध्ये हे स्पष्ट दिसते, आणि त्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे फोटो आधी पुष्कळ मोठा, अगदी ८००० पिक्सेल रुंद करून मग झूमपॅन चालवणे, म्हणजे प्रत्येक उडी अंतिम चित्रात नगण्य होते.

आता उलट बाजू. फोटो फारच मोठा असेल आणि सॉफ्टवेअर तो घाईने लहान करत असेल, तर धूसरपणाऐवजी चमचम दिसते. पैठणीचे काठ, चौकडीचे लुगडे, जाळीची खिडकी, कौलारू छप्पर अशा बारीक नक्षीवर फोटो सरकताना मुंग्या चालल्यासारखे दिसते. येथे फोटो आधीच चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये लहान करून घ्यावा, पण फ्रेमएवढा नव्हे. झूमला जेवढे पिक्सेल लागणार तेवढे ठेवून बाकीचे काढावेत. प्रीमियरमध्ये एक्स्पोर्ट करताना ‘मॅक्झिमम रेंडर क्वालिटी’ हा पर्याय सुरू ठेवावा. शार्पन द्यायचेच असेल तर ते या लहान केलेल्या प्रतीवर, अगदी हलके, अर्ध्या पिक्सेलच्या त्रिज्येने द्यावे. माझ्या पहिल्या प्रयत्नातील पांढऱ्या रेघा या नियमाच्या अज्ञानातून आल्या होत्या.

ज्याला बिघाड म्हणताच येणार नाही असे एक कारण येथेच सांगतो, कारण ते शोधण्यात मी एक रविवार घालवला. फोटो चार सेकंदांचा होता आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड सेकंदाचे क्रॉस डिझॉल्व्ह होते. म्हणजे तो फोटो निर्भेळपणे पडद्यावर असे फक्त एक सेकंद; उरलेला वेळ तो शेजारच्या फोटोत मिसळलेला असे. डिझॉल्व्ह अर्ध्या सेकंदावर आणल्याबरोबर ‘फोटो साफ झाले’ असे घरच्यांनी सांगितले. वेगाने सरकणाऱ्या फोटोचेही असेच असते. चित्र पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला सात सेकंदांपेक्षा कमी वेळ लागू नये, हा कॅमेरामन मंडळींचा जुना संकेत फोटोंनाही तितकाच लागू आहे.

फाइल तयार करताना आणि त्यानंतर

कॅलेंडरची कसोटी फसली असेल आणि प्रकल्पाची मांडणी बरोबर असेल, तर बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला वापरलेल्या माहितीचे प्रमाण, पाहावा. फुल एचडीसाठी एच.२६४ या प्रचलित व्हिडिओ प्रकारात सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच्या व्हिडिओला यूट्यूब ८ मेगाबिट सुचवते आणि फोर-केसाठी ३५ ते ४५. पेनड्राइव्हवर द्यायची घरची प्रत यापेक्षा दुप्पट ठेवायलाही हरकत नसते, कारण जागेची अडचण क्वचितच येते. व्हिडिओ फाइल रूपांतरित करणारा हँडब्रेक हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यातील आरएफ हा दर्जाचा आकडा जितका लहान तितका दर्जा अधिक, हे ध्यानात ठेवून फोटोंच्या व्हिडिओसाठी १८ च्या आसपास राहावे. बिटरेट अपुरा असल्याची एक खास खूण स्थिर फोटोत दिसते: फोटो हलत नसतानाही दर काही सेकंदांनी तो क्षणभर बदलतो, जणू श्वास घेतो. दोन पूर्ण फ्रेमांच्या मधल्या काळात तपशील थोडा थोडा साचत जातो आणि पुढची पूर्ण फ्रेम आली की तो एकदम पुसला जाऊन पुन्हा सुरुवात होते. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंच्या कणीदार पोतावर हे सर्वाधिक जाणवते. बिटरेट वाढवल्यास ते जाते; फोटो अजिबात हलत नसतील तर हँडब्रेकमधील ‘ट्यून’ या यादीत ‘स्टिल इमेज’ असाही पर्याय आहे.

लाल रंगाचे दुखणे निराळे. बहुतेक व्हिडिओ फाइलींत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एकदाच ठेवतात. त्यामुळे लाल शालूची किनार, कुंकू किंवा काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत लिहिलेले नाव बाकी चित्र स्वच्छ असतानाही ओघळल्यासारखे दिसते. बिटरेट वाढवून हे जात नाही. शीर्षकांची अक्षरे पांढरी किंवा फिकट पिवळी आणि थोडी जाड ठेवावीत; शालूला इलाज नाही.

कोणाला अजूनही डीव्हीडी हवी असेल तर तेथे फ्रेम ७२० गुणिले ५७६ च्या पुढे जात नाही. ४.७ जीबीच्या तबकडीवर एका तासाहून अधिक मजकूर घालू नये, आणि बारीक आडव्या रेषा लुकलुकत असतील तर त्या फोटोला अगदी किंचित उभा ब्लर द्यावा.

यूट्यूबवर चढवल्यावर पहिल्या काही मिनिटांत फोटो धूसर दिसले तर थांबावे, कारण तेथे आधी कमी दर्जाची आवृत्ती तयार होते आणि एचडी त्यानंतर येते. व्हिडिओ पुन्हा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला तर तो पुन्हा दाबला जातो, हे सांगायला नकोच. टीव्हीवर दाखवताना मात्र एक गोष्ट आवर्जून तपासावी. अनेक टीव्ही आलेले चित्र थोडे मोठे करून त्याच्या कडा पडद्याबाहेर ढकलतात. ही ओव्हरस्कॅनची जुनी सवय असून तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेल ताणला जातो आणि संपूर्ण व्हिडिओ किंचित मऊ दिसतो. चित्राच्या आकाराच्या यादीत एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’ अशा नावांचा पर्याय असतो, तो निवडावा, आणि टीव्हीची स्वतःची ‘शार्पनेस’ कमी करावी. कॅलेंडरच्या पानाची पाच सेकंदांची फाइल येथेही चालवून पाहता येते: पानाच्या चारही कडा पडद्यावर दिसल्या पाहिजेत.

एवढे सगळे करूनही काही फोटो धूसरच राहतात, कारण ते काढतानाच फोकस चुकलेला असतो किंवा कॅमेरा हललेला असतो. त्यांच्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो मोठे करणारे अपस्केल आणि तत्सम प्रोग्रॅम सुचवले जातात. इमारती, झाडे, साड्या यांवर ते ठीक चालतात. चेहऱ्यावर मी ते वापरत नाही, कारण जो तपशील फोटोत नाही तो हे प्रोग्रॅम स्वतःच्या अंदाजाने भरतात, आणि समोर बसलेल्या नातेवाइकांना ओळखीचा चेहरा किंचित अनोळखी झालेला लगेच कळतो. त्याऐवजी फोटो लहान दाखवावा. मावशींच्या वडिलांचा एकच फोटो उरला होता, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, कोपरा दुमडलेला. १२०० डीपीआयने स्कॅन केल्यावर तो १६५० गुणिले २१२५ पिक्सेलच्या आसपास आला, पण फोकस मुळातच हलका होता. तो पूर्ण फ्रेमभर न ताणता ५४० पिक्सेल उंचीत, म्हणजे पडद्याच्या निम्म्या उंचीत, साध्या तपकिरी पार्श्वभूमीवर, न हलवता, आठ सेकंद ठेवला. कार्यक्रमाच्या दिवशी व्हिडिओ तेथे थांबवायला सांगितला गेला, आणि तो फोटो धूसर आहे असे कोणीही म्हटले नाही.